एडीएचडी आणि चिंता असलेल्या मुलाचं औषध: कोकणातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी सिंधुदुर्गात प्राथमिक शिक्षिका आहे. माझा मुलगा तिसरीत असताना त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलपणाचा त्रास, आणि त्याच्या जोडीला चिंतेचा आजार असल्याचं निदान झालं. आता तो आठवीत आहे. या पाच वर्षांत देवगडपासून दापोलीपर्यंतच्या आयाबापांचे फोन येत राहिले आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस इथे वाचून ठरवू नका. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी काय बघायचं, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आमचा मुलगा नुसता मस्तीखोर आहे की त्याला एडीएचडी आहे, हे कसं कळणार?

मस्ती सगळीच मुलं करतात. डॉक्टर बघतात ते असं: लक्ष न लागणं, चुळबुळ, विचार न करता धावणं-बोलणं हे सहा महिन्यांहून जास्त काळ चाललंय का, बारा वर्षांच्या आत सुरू झालंय का, घरी आणि शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसतंय का, आणि त्यामुळे मुलाचं काही अडतंय का. फक्त घरी दिसत असेल तर कारण घरात शोधावं लागतं आणि फक्त शाळेत दिसत असेल तर शाळेत. यासाठी पालक आणि शिक्षक दोघांनी भरायच्या प्रश्नावल्या असतात. रक्ताची किंवा मेंदूच्या फोटोची अशी कुठलीही तपासणी नाही की जिच्यातून एडीएचडी आहे की नाही ते कळेल. तसं सांगून कोणी महागडा स्कॅन करायला लावत असेल तर दुसरं मत घ्या.

मुलींच्या बाबतीत जास्त जागरूक राहा. त्या धावत नाहीत, बाकावर शांत बसून खिडकीबाहेर बघतात, आणि दहावीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या स्वतःच्या वर्गात अशा दोघी-तिघी होऊन गेल्या असणार, हे मला आता कळतं.

एडीएचडी आणि चिंता एकाच मुलात कशी असेल? एक तर चंचल असेल, नाही तर भित्रं.

असतात, आणि बऱ्याच मुलांत असतात. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांना चिंतेचा आजारही असतो. घोळ असा की दोन्ही एकमेकांसारखे दिसतात. ज्याच्या डोक्यात ‘आई घरी येताना गाडी उलटली तर’ हे चालू आहे, त्याचं गणिताकडे लक्ष लागत नाही, ते एडीएचडीसारखं दिसतं. आणि ज्याला रोज वही विसरल्याबद्दल, सांडलं-फोडलं म्हणून बोलणी बसतात, तो हळूहळू प्रत्येक गोष्टीला घाबरायला लागतो.

मोठं माणूस म्हणेल ‘मला काळजी वाटते’. मूल म्हणतं ‘पोट दुखतं’. आमच्याकडे सहा महिने जंताची औषधं झाली, मग ओवा-हिंग झालं. दुखणं शाळेच्या दिवशी सकाळी सातला सुरू व्हायचं आणि एसटी निघून गेली की थांबायचं. रविवारी कधीच नाही. हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले, आणि मी शिक्षिका आहे.

औषध सुरू करण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

नजर आणि कान, हे आधी. फळा न दिसणारं मूल लक्ष देत नाहीच. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा, गरजेप्रमाणे थायरॉइड. मूल घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का हे सांगा, कारण टॉन्सिल-अॅडिनॉइड वाढलेल्या मुलांची झोप तुटते आणि दिवसा ती एडीएचडीसारखी वागतात. मधेच काही सेकंद शून्यात बघून थांबत असेल, हाक मारूनही भानावर येत नसेल, तर तेही सांगा, तो फिटचा एक प्रकार असू शकतो.

उत्तेजक गटातलं औषध (त्याबद्दल खाली लिहिलं आहे) द्यायचं असेल तर उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब लिहून घेतलेच पाहिजेत. आणि एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही होऊन सांगा: घराण्यात कोणी तरुण वयात अचानक हृदयाने गेलं आहे का, मुलाला खेळताना चक्कर येते का, छातीत धडधडतं का. आपल्याकडे अशा मृत्यूला ‘काहीतरी बाधलं’ म्हणून सोडून देतात. आजोळची आणि बापाकडची, दोन्हीकडची चौकशी करा.

कोकणात कोणाकडे जायचं?

निदान आणि औषध मानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ करतात. समुपदेशक औषध लिहू शकत नाहीत, पण चिंतेच्या बाबतीत त्यांचं काम औषधाइतकंच मोठं आहे.

सरकारी वाट आहे, ती आधी बघा. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत येतात आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासून पुढे पाठवतात. पथक येतं त्या दिवशी तुमच्या बाईंना सांगून ठेवा, नाही तर दात आणि डोळे बघून ते पुढच्या शाळेत जातात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1886 सालचं आहे. त्याच्या नावाला लोक घाबरतात, ‘वेड्यांच्या इस्पितळात पोराला कसं न्यायचं’ म्हणतात. मीही म्हटलं होतं. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून बसलेली माणसं तुमच्याआमच्यासारखीच असतात.

सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्यात बांबोळीला जातात, कणकवली-वैभववाडीचे कोल्हापूरला, रायगडचे मुंबईला. कुठेही जा, पण एकाच डॉक्टरांकडे निदान वर्षभर टिका. दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलला की प्रत्येक जण नव्याने सुरुवात करतो. आणि फक्त बोलायचं असेल, रात्री दोन वाजताही, तर 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

औषधं नेमकी कोणती असतात?

मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक गटातलं, आणि सहा वर्षांवरच्या मुलांत बहुधा हेच आधी विचारात घेतलं जातं. गोळी घेतल्यावर अर्ध्या ते एका तासात काम सुरू होतं. साधी गोळी तीन-चार तास चालते, लांब पल्ल्याची आठ ते बारा तास. दहापैकी सुमारे सात मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. हे औषध 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं, आणि 1950 च्या दशकापासून वापरात आहे, म्हणजे सुमारे सत्तर वर्षांचा अनुभव त्याच्यामागे आहे. ‘नवीन काहीतरी प्रयोग आमच्या पोरावर’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना एवढं सांगितलं तरी पुरतं.

अ‍ॅटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही. ते रोज घ्यावं लागतं आणि हळू चढतं. चार-सहा आठवड्यांनी गुण दिसायला लागतो, कधी बारा आठवडेही लागतात. डोस वजनावर ठरतो. ही कॅप्सूल फोडून भातात मिसळायची नाही, आतली पूड डोळ्यात गेली तर डोळा चुरचुरतो. सुरुवातीला मळमळ होते, ती जेवणानंतर दिल्यास कमी होते. क्वचित यकृताला त्रास होतो, म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर वाट बघायची नाही, तडक डॉक्टरांना दाखवायचं.

क्लोनिडिन हे मुळात रक्तदाबाचं औषध. जास्त चुळबुळ, राग, झोप न लागणं, मान-डोळ्यांचे झटके (फिट नव्हे) यांसाठी कधी देतात. गुंगी येते. हे एका दिवसात बंद करायचं नसतं, रक्तदाब एकदम उसळतो.

चिंतेसाठी सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशी औषधं असतात. त्यांच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला मात्र पहिला उपाय गोळी नसतो, पालकांनी वागण्याच्या पद्धती शिकणं हा असतो.

चिंता असेल तर मिथाइलफेनिडेट देऊ नये असं ऐकलंय. खरं का?

हे अर्धवट खरं आहे. काही मुलांची चिंता त्याने वाढते, नखं खाणं, छातीत धडधडणं, रडवेलेपणा येतो. पण सरासरीने बघितलं तर अभ्यासांत चिंता वाढलेली दिसत नाही, उलट बऱ्याच मुलांची कमी होते. कारण सरळ आहे: कामं वेळेवर झाली, बोलणी कमी बसली, की भीतीचं निम्मं कारण जातं. म्हणून ‘चिंता आहे’ एवढ्यावरून हे औषध बाद करू नये. कमी डोसने सुरू करून बघावं.

अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सात ते नऊ वर्षांच्या 579 मुलांना चौदा महिने बघितलं होतं. एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा (वागण्याच्या पद्धती शिकवण्यापेक्षा) सरस ठरलं. पण ज्या मुलांना जोडीला चिंता होती, त्यांना वर्तनोपचाराचा इतरांपेक्षा जास्त फायदा झाला. मला हा सगळ्यात कामाचा मुद्दा वाटतो. आपल्या मुलांना गोळीबरोबर बोलणं-शिकवणं मिळालं तर ते वाया जात नाही.

मग आधी कशावर उपचार करायचे?

ज्याने मुलाचं जास्त अडतंय त्यावर. शाळेतच जात नसेल, रात्र रात्र झोपत नसेल तर आधी चिंता. शाळेत जातो पण दोन ओळी लिहून उठतो, रस्त्यावर धावतो, तर आधी एडीएचडी. दोन्ही औषधं एकाच दिवशी सुरू करायला सांगितली तर ‘एक-एक करून चालेल का’ असं नम्रपणे विचारा. नाही तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा हे कधीच कळत नाही.

योग्य औषध सापडायला किती दिवस लागतात?

आम्हाला जवळजवळ दोन वर्षं लागली, त्यातले काही महिने माझ्या चुकीने.

पहिलं औषध साधं मिथाइलफेनिडेट. दुसऱ्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी मला व्हरांड्यात थांबवून सांगितलं, ‘आज त्याने फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं.’ मी शाळेच्या विहिरीमागे जाऊन रडले. पण घरी संध्याकाळी वेगळंच चाललं होतं. पाच वाजता बहिणीशी भांडण, बोटांची कातडी सोलणं, मग हुंदके. मी ठरवलं की औषधाने भीती वाढवली आणि कोणालाही न विचारता गोळी बंद केली. दीड महिना डॉक्टरांना कळवलंही नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी रागावण्याऐवजी एकच प्रश्न विचारला: ‘रडणं किती वाजता?’ मला सांगता येईना. मग त्यांनी वही करायला सांगितली. शंभर पानी साधी वही. रोज पाच ओळी: गोळी किती वाजता, जेवला किती, झोपला-उठला कधी, रडणं-राग-पोटदुखी किती वाजता, आणि शाळेतून काय कळलं. गोळी पुन्हा सुरू केली आणि तीन आठवड्यांत वहीने जे दाखवलं ते मला तोपर्यंत दिसलं नव्हतं. संध्याकाळचं रडणं फक्त गोळीच्या दिवशी, साडेचार ते सहाच्या मधे, म्हणजे दिवसातली दुसरी गोळी उतरताना होतं. सकाळची पोटदुखी मात्र गोळी घेण्याच्या आधीची होती, आणि सोमवारी आणि पाढे म्हणून दाखवायच्या दिवशी हमखास. म्हणजे दोन वेगळी दुखणी होती आणि मी दोन्हीचं खापर एका गोळीवर फोडत होते.

संध्याकाळच्या त्रासासाठी लांब पल्ल्याची गोळी आली आणि तो बराच निवळला. सकाळच्या पोटदुखीसाठी समुपदेशन सुरू झालं. तिथल्या ताईंनी भीतीच्या पायऱ्या करायला शिकवलं. त्याला शाळेच्या वाटेवरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, एकट्याने ओलांडायची भीती. पहिली पायरी साकवाच्या या टोकाला मी उभी, मग मी मागच्या पायवाटेवर, मग मी घरच्या बेड्याशी (फाटकाशी). प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, मधेच उचलून आणायचं नाही. आठ महिन्यांनीही रात्रीची भीती आणि ‘आई, तू येशील ना’ हे दिवसातून वीस वेळा विचारणं गेलं नाही, तेव्हा चिंतेचं औषध अगदी कमी डोसने सुरू झालं.

तुमचा क्रम वेगळा असेल. औषध वेगळं असेल. पण एका वेळी एकच बदल आणि रोजची वही, याला दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. ‘बरा आहे’ एवढं सांगून डॉक्टर काय ठरवणार? मिथाइलफेनिडेटचा डोस साधारण आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा वाढवतात, तेव्हा त्या त्या आठवड्याची नोंद समोर असली की पाच मिनिटांच्या भेटीतही काम होतं. आणि कमी डोसवर ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सोडून देऊ नका. कित्येकदा औषध बरोबर असतं, डोस पोहोचलेला नसतो.

चिंतेच्या गोळ्या मुलांना देणं सुरक्षित आहे का?

डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हो. अमेरिकेत 2008 साली सात ते सतरा वर्षांच्या 488 चिंताग्रस्त मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समुपदेशन आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे 81 टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या समुपदेशनाने 60 टक्के, नुसत्या सर्ट्रालिनने 55 टक्के, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने 24 टक्के. म्हणजे दोन्ही जोडीने सगळ्यात चांगलं, पण नुसत्या समुपदेशनानेही निम्म्याहून जास्त मुलं सावरतात. ते गावात मिळत नसेल तर फोन किंवा व्हिडिओवरून मिळतं.

एक इशारा मनापासून वाचा. या गटातल्या औषधांवर 2004 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ठळक सूचना छापायला लावली. चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या शंभरपैकी साधारण चार मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, खोट्या गोळीवर दोन मुलांत. त्या चाचण्यांत एकही आत्महत्या झाली नव्हती. अ‍ॅटोमॉक्सेटिनवरही अशीच सूचना आहे. याचा अर्थ औषध टाळा असा नाही. पहिले काही आठवडे आणि डोस वाढवल्यावर मुलाकडे रोज लक्ष द्या, त्याला थेट विचारा, असा आहे. विचारल्याने तसे विचार डोक्यात येत नाहीत.

दुसरी गोष्ट कमी लोक सांगतात. चिंतेची गोळी सुरू केल्यावर काही मुलं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जास्तच उड्या मारायला लागतात, बडबड वाढते, झोप उडते. घरच्यांना वाटतं एडीएचडी बळावला, आणि एडीएचडीची गोळी वाढवली जाते. आधी चिंतेच्या गोळीचा डोस कमी करायचा का, हे विचारा.

फ्लुओक्सेटिन आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन एकत्र असतील तर डॉक्टरांना आवर्जून आठवण द्या. फ्लुओक्सेटिनमुळे अ‍ॅटोमॉक्सेटिन शरीरातून हळू बाहेर पडतं आणि रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून डोस जपून ठेवावा लागतो.

आणि आजीच्या झोपेच्या गोळीतली अर्धी गोळी नातवाला कधीही नाही. ‘शांत झोपेल बिचारा’ म्हणून दिल्याची उदाहरणं मी ऐकली आहेत. त्या गोळ्यांनी काही मुलं उलट बेफाम होतात, शिवाय सवय लागते.

भूक मेली आहे. डबा तसाच परत येतो. काय करू?

मिथाइलफेनिडेटचा हा सगळ्यात नेहमीचा त्रास. उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. गोळीच्या आधी पोटभर खायला घाला: उकड्या तांदळाची पेज तूप घालून, घावणे, आंबोळी, अंडं. बिस्कीट-चहावर गोळी देऊ नका. दुपारी तो खाणार नाही, त्यावरून भांडू नका. डब्यात थोडं पण दमदार द्या, शेंगदाण्याचा लाडू, केळं, खोबऱ्याची वडी. गोळी उतरली की संध्याकाळी सात-आठला कडकडून भूक लागते, तेव्हा मासे-भात तयार हवा. आमच्याकडे तो रात्री साडेनऊला पुन्हा जेवायचा, मी दिलं.

वजन तीन महिन्यांनी आणि उंची सहा महिन्यांनी मोजून वहीत लिहा. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, साधारण सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा.

झोप लागत नाही.

गोळी सकाळी लवकर द्या. चहा बंद करा. आपल्याकडे पाचवीतल्या पोरालाही दोन वेळा कोरा चहा असतो, त्यातलं कॅफिन नाडी आणि भीती दोन्ही वाढवतं. रात्री मोबाइल हातात नको. तरी लागत नसेल तर डॉक्टरांशी बोला, वेळ बदलता येते.

सर्दीचं सिरपही विचारून द्या, नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी नाडी आणि रक्तदाब वाढतो.

मिथाइलफेनिडेट आमच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मुंबईच्या भावाला आणायला सांगू का?

हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि दुकानाला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे तालुक्याच्या बहुतेक दुकानांत ते नसतं. दुकानदार नाही म्हणाला तर तो अडवत नाहीये. भावाला सांगायचं तर मूळ चिठ्ठी पाठवावी लागेल, व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालत नाही. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार शेड्यूल एक्समधली औषधं फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत, म्हणजे या औषधासाठी प्रत्यक्ष भेट आलीच. ज्यांना चार तासांचा प्रवास कायमचाच अशक्य आहे, त्यांनी हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. अ‍ॅटोमॉक्सेटिनला ही अट नाही, आणि औषध निवडताना प्रवासाची अडचण हेही खरं कारण आहे.

घरचे आखाती देशात असतील आणि मूल सुट्टीत तिकडे जाणार असेल, तर हे औषध बॅगेत टाकून निघू नका. तिथे नियंत्रित औषधांना आधी परवानगी काढावी लागते.

पावसाळ्यात औषध संपलं तर?

जूनच्या आधी तयारी करा. घाट बंद होतात, रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, दरड कोसळली की गाडी नाहीच. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा मेडिकलमधला मालही गेला. मे अखेरच्या भेटीत डॉक्टरांना सांगा की जुलै-ऑगस्टमध्ये येणं अवघड आहे, किती दिवसांचं लिहून देता येईल. गोळ्यांची पट्टी फोडून डबीत काढून ठेवू नका, आपल्या हवेत त्या दमट होतात. पट्टीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा देवघराच्या फळीवर न ठेवता कुलपात.

गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात गोळी बंद ठेवली तर चालेल?

मिथाइलफेनिडेट सुट्टीत थांबवता येतं, पण डॉक्टरांशी ठरवून. आम्ही मे महिन्यात थांबवतो, आंबे-फणस खाऊन त्याचं वजन दोन किलोने वाढतं. गणपतीत थांबवत नाही. घरात वीस चाकरमानी, रात्री एकपर्यंत भजन, झोप नाही, सगळं अनोळखी, अशा वेळी त्याला गोळीचा आधार लागतो. अ‍ॅटोमॉक्सेटिन, क्लोनिडिन आणि चिंतेच्या गोळ्या मात्र सणासाठी मधेच सोडायच्या नाहीत.

एखाद्या दिवशी सकाळची गोळी राहिली तर दुपारी उशिरा देऊ नका. दुसऱ्या दिवशी दुप्पटही नाही.

व्यसन लागेल का?

सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या औषधाने पुढे व्यसनाची शक्यता वाढते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गैरवापर होतो तो दुसऱ्यांच्या हातात गोळी गेल्यावर, परीक्षेआधी ‘डोकं चालतं’ म्हणून चुलतभाऊ मागतो तेव्हा. म्हणून कुलूप, आणि मोजून गोळ्या.

सासूबाई म्हणतात, बाधा आहे, कौल लावूया. त्यांना काय सांगू?

माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं, ‘झील हुशार आसा, तेका औषधा कित्याक? देवाक गाऱ्हाणा घाल.’ मी गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवला. गोळीही दिली. देवाशी भांडण काढून घरात कोणाचं भलं होत नाही, आणि म्हातारं माणूस दुरावलं तर मुलाला सांभाळणारे दोन हात कमी होतात. जिथे ठाम राहायचं ते एवढंच: मारझोड, चटके, उपास, धूर, आणि औषध बंद करा असा कोणाचाही आदेश चालणार नाही. पुढे त्याच आजी सकाळी पेज भरवून वहीत वेळ लिहायला मला हाक मारायच्या.

ब्राह्मी, जटामांसी दिलं तर?

एडीएचडीच्या औषधाची जागा घेईल असा भक्कम पुरावा त्यांच्यामागे नाही. देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. भस्म आणि रसौषधी मुलांना परस्पर देऊ नका, त्यात शिसं-पारा असू शकतो.

शाळेत सांगावं का?

माझं मत, वर्गशिक्षकांना सांगावं. त्यांच्याशिवाय डोस ठरत नाही, कारण गोळी शाळेच्या वेळेतच काम करते आणि तुम्ही तिथे नसता. सगळ्या स्टाफरूमला सांगायची गरज नाही. पहिला बाक, मोठं काम तुकड्यांत, पाढे सगळ्यांसमोर उभं करून न विचारता टेबलाजवळ विचारणं, एवढं मागा. एका शिक्षकांनी ‘गोळी घेतली नाहीस का आज’ असं वर्गात विचारलं होतं आणि माझा मुलगा दोन दिवस शाळेत गेला नाही. मी त्यांना भेटून सांगितलं की हा प्रश्न फक्त मला फोनवर विचारा. त्यांनी ऐकलं.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी जायचं?

छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, फिट येणं. जीव द्यावासा वाटतो असं बोलणं किंवा लिहिणं. नसलेले आवाज ऐकू येणं. अंगावर पित्त उठून ओठ-चेहरा सुजणं. डोळे पिवळे होणं. यात सकाळची वाट बघायची नाही. मान-डोळ्यांचे नवे झटके, वजन घसरत जाणं, मूल दिवसभर मंद, हसणं हरवल्यासारखं दिसणं, हे त्याच आठवड्यात दाखवा. शेवटचं विशेषतः. शांत बसलं म्हणजे औषध लागू पडलं असं नाही, डोस जास्त झाला असेल.

मुलाला गोळी कशाची म्हणून सांगायचं?

खरं सांगायचं. ‘ताकदीची गोळी’ म्हणून फसवलं तर बारा वर्षांचा झाला की तो थुंकून टाकतो. आम्ही त्याला सांगितलं की ही गोळी तुला शहाणा करत नाही, तू आहेसच. होडी तुझी, वल्हंही तूच मारतोस, गोळी फक्त सुकाणू धरते. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला ते लगेच कळलं. चौथीपासून वहीत आणखी एक, सहावी ओळ तोच लिहितो, ‘आज कसं वाटलं’. डॉक्टर आधी ती वाचतात. लांब पल्ल्याच्या गोळीचा वाढवलेला डोस त्याच ओळीमुळे खाली आला. त्याने लिहिलं होतं: ‘आज जोक समजला, पण हसू आलं नाही.’

हे कायमचं आहे का?

बऱ्याच मुलांची चुळबुळ वयाबरोबर कमी होते, लक्ष न लागणं काहींना मोठेपणीही राहतं. म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरांबरोबर बसून औषध अजून लागतंय का हे तपासायचं. चिंतेचं औषध साधारण वर्षभर बरं वाटल्यावर, परीक्षा नसताना, हळूहळू उतरवून बघतात. आमचं गेल्या दिवाळीनंतर उतरवलं. साकव तो एकटा ओलांडतो. मिथाइलफेनिडेट अजून चालू आहे, पुढची भेट मे अखेर.